कागद काय म्हणस?

आमच्या आबांना अक्षरं ओळखता यायची, पण जोडाक्षर आलं की गाडी अडायची. त्यामुळे घरात कुठलाही छापील किंवा लिहिलेला कागद आला की शाळेतून आलेल्या पोराला ओट्यावर बोलावणं व्हायचं. पेपर असो, सोसायटीची पावती असो, बँकेची नोटीस असो, लग्नपत्रिका असो. प्रश्न ठरलेला: "कागद काय म्हणस रे?" पेपरात काय आलंय असं ते कधी विचारत नसत. कागद काय म्हणतो! जणू कागद म्हणजे ओट्यावर येऊन बसलेला परगावचा माणूस, आणि मी त्याचा दुभाष्या.

वाचून झालं की दुसरा प्रश्न यायचा: "कोनी लिखं?"

हा दुसरा प्रश्न मला तेव्हा निरर्थक वाटायचा. नोटीस बँकेनं लिहिली, पेपर पेपरवाल्यानं लिहिला, त्यात काय विचारायचं? परवा एक जुनं पुस्तक चाळताना तो एकदम आठवला, आणि मग बरंच काही आठवत गेलं. म्हणून हे लिहायला बसलोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पुस्तक होतं अमेरिकेतल्या 'मकरेकर' लोकांवरचं. हा शब्द मराठीत कसा आणायचा हा प्रश्नच आहे. 'शोधपत्रकार' फार सोवळा वाटतो. शब्दशः अर्थ घेतला तर 'उकिरडा उकरणारा'. १४ एप्रिल १९०६ या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी एका भाषणात हा शब्द वापरला. त्या वेळी तिथली मासिकं तेल कंपन्या, नगरपालिका, कारखाने यांची एकेक अंडीपिल्ली बाहेर काढत होती आणि साहेब वैतागले होते. अशा लिहिणाऱ्यांची समाजाला गरज असते हे त्यांनी त्याच भाषणात मान्य केलं, पण लोकांच्या लक्षात राहिली ती शिवी. ती त्यांनी घेतली जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मधून. त्यात एक माणूस हातात दाताळं घेऊन सतत खालची घाण ओढत असतो. डोक्यावर कुणी स्वर्गीय मुकुट धरून उभा आहे, पण याची नजर वर जातच नाही. या बन्यनच्या पुस्तकाचं मराठी भाषांतर १८४१ सालीच झालं होतं, हरि केशवजींनी केलेलं 'यात्रिक क्रमण'. मराठी कादंबरीचा इतिहास सांगणारे अनेकजण तिथूनही सुरुवात करतात.

आता गंमत बघा. रूझवेल्टसाहेबांची ही शिवी आमच्या खानदेशात शिवी म्हणून चाललीच नसती. आखाजीच्या आगेमागे आमच्याकडे उकिरडे उपसायला घेत. वर्षभराचं शेण, चुलीची राख, चिपाडं, झाडलोट सगळं त्या खड्ड्यात पडलेलं असायचं. वरचा थर काढला की वास सुटायचा, पण खाली काळंभोर, भुसभुशीत खत. गाड्या भरभरून शेतात जायच्या. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, आमच्याकडे तो दरवर्षी फिटायचा! उकिरडा उकरणाऱ्याची नजर खाली असते हे खरं, पण ती पुढच्या पिकासाठी. ज्यानं उकिरडा उपसला नाही त्याच्या शेतात काय येणार?

त्या मंडळींपैकी सगळ्यात गाजलेला माणूस अप्टन सिंक्लेअर. शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे राहून त्यानं 'द जंगल' ही कादंबरी लिहिली. १९०५ मध्ये ती एका समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली आणि १९०६ मध्ये पुस्तक निघालं. त्याला दाखवायचे होते तिथे राबणाऱ्या परदेशी मजुरांचे हाल. वाचकांनी काय वाचलं? आपल्या ताटातलं मांस किती घाणेरडं आहे ते. ३० जून १९०६ ला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे झाले. मांस स्वच्छ झालं. मजूर होता तिथेच राहिला. आपण नेम लोकांच्या काळजावर धरला होता आणि गोळी चुकून पोटात लागली, अशा अर्थाचं सिंक्लेअरनं नंतर स्वतःच म्हटलंय.

(योगायोग म्हणजे १९०६ हेच आमच्या खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे होण्याचं साल. धुळ्याचा पश्चिम खानदेश झाला, जळगावचा पूर्व खानदेश. त्याचा इथे काही संबंध नाही, पण आमच्या घरात सनावळीवरून वाद फार होतात म्हणून नोंदवून ठेवतो.)

तर गोळी भलतीकडे लागणं. हे वाचल्यावर मनात आलं, आपल्याकडे मराठीत असा आसूड ओढणारे कोण कोण होते आणि त्यांची गोळी कुठे लागली?

सुरुवात कागदापासूनच करावी लागेल, कारण आपल्याकडचा शेतकरी पहिल्यांदा खवळला तो कागदावर. १८५२ साली इंग्रजांनी खानदेशात जमीन मोजणी सुरू केली तेव्हा सावदा, यावल, एरंडोल या भागात शेतकऱ्यांनी दंगा केला होता. तो मोडायला फौज आणावी लागली. साखळी घेऊन जमीन मोजणारा माणूस आपल्याबद्दल वहीत काय लिहितोय हे त्यांना दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. पुढे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. मागणी काय होती? कर्जरोखे आणि हुकूमनामे बाहेर काढा. ते हाती आले की जाळले. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्याकडे त्यांचा कल होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या दंग्यानंतर सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून थोडा दिलासा देणारा कायदा केला. तो लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. आमचा खानदेश त्या यादीत नव्हता. सावकार काय आमच्याकडे नव्हते?

कागद जाळणं ही एक तऱ्हा झाली. कागदाला कागदानं उत्तर देणं ही दुसरी, आणि ती जोतीराव फुल्यांची. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून झाला. शाळेत आपल्याला फुले म्हणजे मुलींची शाळा एवढंच शिकवतात. 'असूड' मी खूप उशिरा, नोकरीला लागल्यावर वाचला, आणि चक्रावून गेलो. त्यातलं दुसरं प्रकरण कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी आज बातमीदारी करणाऱ्यानं वाचावं असं आहे. गावात तंटा लागतो तिथपासून ते प्रकरण कचेरीत जाऊन शेतकरी पुरता धुतला जाईपर्यंत मध्ये किती हात असतात, कोण काय लिहितो, कोण काय वगळतो आणि कुठे पैसे द्यावे लागतात, याचा जणू नकाशाच. हे नुसत्या कळवळ्यानं लिहिता येत नाही, त्यासाठी आतलं ठाऊक असावं लागतं. फुल्यांना ठाऊक होतं. ते स्वतः बांधकामाचे ठेके घ्यायचे, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरवला होता. बिल कुठल्या टेबलावर का अडतं हे त्यांना पुस्तकात शोधावं लागलं नाही.

आणि या पुस्तकाचं झालं काय? 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचं स्वतःचं पत्र. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलं. तोटा सोसवेना म्हणून बंद पडलं, मग १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत पुन्हा उभं केलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारा माणूस, भित्रा नक्कीच नव्हे. पण 'असूडा'ची पहिली दोन प्रकरणं छापून त्यांनीही हात आखडता घेतला. पुढच्या मजकुरात सरकारवर थेट फटके होते. फुल्यांनी भेकड छापखानेवाल्यांवर आपला राग लिहून ठेवलाय. पुस्तक म्हणून 'असूड' त्यांच्या हयातीत निघालाच नाही. गावोगाव त्यातला मजकूर वाचून दाखवला गेला, लोकांनी ऐकला. आबांसारख्यांसाठी ते बरंच झालं म्हणा.

लोखंड्यांना दोष देण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १८८२ मध्ये, म्हणजे फक्त एक वर्ष आधी, टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले होते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं 'केसरी' आणि 'मराठा'नं छापलं होतं. आधार होता काही पत्रांचा, आणि ती पत्रं बनावट निघाली. माफी मागितली तरी शिक्षा चुकली नाही. हेतू चांगला होता, धाडस होतं, फक्त "कोनी लिखं?" हा प्रश्न विचारायचा राहून गेला! (त्या खटल्यात या दोघांसाठी दहा हजारांचा जामीन दिला तो उरवणे नावाच्या गृहस्थांनी, आणि ते फुल्यांच्या वर्तुळातले. पुढे टिळकपक्ष आणि सत्यशोधक यांच्यात काय काय झालं ते आपण जाणतोच. पण हे एवढं झालं होतं.)

आता ज्या माणसासाठी मी हे सगळं लिहितोय त्याच्याकडे येतो. मुकुंदराव पाटील. आमच्या पिढीतल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय कोण जाणे. मी तरी पस्तिशीपर्यंत ऐकलं नव्हतं. 'दीनबंधु' काढणाऱ्या भालेकरांचा हा मुलगा, पण दत्तक गेलेला. १९१० मध्ये त्यांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक काढलं, आणि ते पुण्या-मुंबईहून नव्हे. अहमदनगर जिल्ह्यातल्या सोमठाणे नावाच्या खेड्यातून काढलं, आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून. १९६७ पर्यंत चालवलं! सत्तावन्न वर्षं! ज्या काळात खेड्यात पत्र पोचायला चार दिवस लागत त्या काळात खेड्यातून साप्ताहिक बाहेर जायचं. आज आपण कुठूनही काहीही लिहून क्षणात पाठवतो आणि तरी चार महिन्यांत कंटाळतो. (माझ्याकडे बघू नका.)

१९१३ साली मुकुंदरावांनी 'कुळकर्णी लीलामृत' लिहिलं. नाव वाचूनच ज्यांनी घरात पोथ्या ऐकल्यात त्यांना हसू येईल. शिवलीलामृताच्या धर्तीवरचं नाव, ओवीबद्ध रचना, आणि विषय काय तर गावचा वतनदार कुळकर्णी दफ्तराच्या जोरावर रयतेला कसा कसा नाडतो. ज्या काळी खेड्यात शंभरातले पाच-सहा लोक वाचू शकत असतील, तिथे लेख लिहून कोण वाचणार? पण पोथी ऐकायची सवय सगळ्यांना. संध्याकाळी दिवा लावून एकानं वाचायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. मुकुंदरावांनी त्या सवयीतच उकिरडा उपसला. शिकागोतल्या सिंक्लेअरला आपला वाचक मासिकांतून शोधावा लागला, यांचा श्रोता देवळात आधीच मांडी घालून बसला होता.

माझ्या मते मराठीतलं या जातीचं सगळ्यात हुशार लिखाण हेच. वाङ्मयगुण वगैरे पंडितांनी ठरवावं. मी हुशार म्हणतो ते अशासाठी की ज्याला फसवलं जातंय त्यालाच ते सांगितलं गेलं. 'असूडा'चं एक तोंड इंग्रज सरकारकडे होतं: बघा, तुमच्या नाकाखाली काय चाललंय. 'लीलामृता'चं तोंड गावाकडे होतं: बघा रे, तुमच्यासमोर वहीत काय लिहिलं जातंय.

आणि गोळी? या वेळी ती बरोबर लागली, असं इतिहास सांगतो. एकट्या पुस्तकानं काही होत नाही, मागे सत्यशोधकांची चळवळ होती. पण कुळकर्णी वतनांविरुद्ध वातावरण तापलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ती वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात परगणा आणि कुळकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली. वंशपरंपरेनं वही सांभाळणारा माणूस गेला आणि परीक्षा देऊन नेमलेला माणूस आला.

वही मात्र राहिली.

इथे मला आमच्या विहिरीची गोष्ट सांगायलाच हवी. घरच्यांना पाठ आहे, त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं. आबांनी विहीर खणली, पाणी लागलं, मोटार बसली, गहू आणि कांदा निघायला लागला. पण सातबाराच्या बारा नंबरात आमची जमीन कोरडवाहूच. विहीर समोर दिसतेय, लोक पाणी पिऊन जातायत, कागदावर विहीर नाही. "हिर शे, पन कागदवर नही," असं आबा पाहुण्यांना हसत हसत सांगायचे. नोंदीसाठी हेलपाटे सुरू झाले. कचेरीचं नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही. आज साहेब नाहीत, उद्या शिक्का नाही, परवा हा अर्ज जुन्या नमुन्यात आहे. शेवटी काकांच्या एका मित्रानं एका छोट्या साप्ताहिकात वाचकांच्या पत्रात चार ओळी टाकल्या: अमुक गट नंबरात विहीर असून तिची नोंद होत नाही. आणि काय आश्चर्य, पंधरा दिवसांत माणूस आला, चहा घेतला, नोंद झाली! फक्त छापताना गट नंबरातला एक आकडा चुकला होता, आणि नोंद पेपरात होती तशीच झाली. शेजारच्या गटाला फुकटात विहीर मिळाली, आमची जमीन कोरडीच. पुढे ती दुरुस्त करायला अजून दोन वर्षं गेली. शेजारी भावकीतलेच, भला माणूस, त्यांनीच येऊन सही दिली. पण समजा माणूस भला नसता तर? छापलेल्या शब्दाला किती वजन असतं, आणि चुकलेल्या शब्दालाही तेवढंच असतं, हे मला टिळक-आगरकरांच्या खटल्याआधी आमच्या विहिरीनं शिकवलं.

आता जरा कठीण भाग.

विखरण हे आमच्याच शिंदखेडा तालुक्यातलं गाव. तिथल्या जमिनी वीज प्रकल्पासाठी घेतल्या गेल्या, आधी औष्णिक म्हणून, मग सौर म्हणून. प्रकल्प कागदोपत्री दोंडाईच्याच्या नावानंच ओळखला गेला. धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन त्यात गेली. मोबदला आला चार लाखांच्या आसपास. त्यांचं म्हणणं असं की शेतात आंब्याची झाडं होती ती नीट धरली गेली नाहीत, आणि त्याच प्रकल्पात दुसऱ्या शेतकऱ्याला कमी जमिनीचे कोटीच्या वर मिळाले. वय ऐंशीच्या पुढे. कित्येक वर्षं ते हेलपाटे घालत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मुंबईत मंत्रालयात विष घेतलं. २८ जानेवारीला ते गेले.

त्या आठवड्यात आमच्या तालुक्याचं नाव सगळ्या वाहिन्यांवर होतं. परगावचे मित्र फोन करून विचारत होते, हे तुमच्याकडचंच का रे? मी हो म्हणत होतो. पण खरं सांगायचं तर विखरणच्या मोबदल्याबद्दल त्याआधी मला काडीचीही माहिती नव्हती. घरापासून हाकेच्या अंतरावरचं गाव! दर सुट्टीला त्या रस्त्यानं गेलोय.

भूसंपादनात माणसाची किंमत ठरते ती कागदावर. जमीन जिरायत की बागायत, विहीर आहे का, फळझाडं किती आणि किती वर्षांची. पंचनाम्यात झाड आलं तर ते झाड, नाही तर ते सरपण. आमच्या विहिरीचं जे झालं तेच, फक्त आमच्या विहिरीवर उद्या कुणी प्रकल्प आणणार नव्हतं म्हणून आम्ही हसू शकलो. हे सगळं विष घेण्याच्या कितीतरी आधी वहीत लिहून ठेवलेलं होतं. ज्याला बघायचं त्याला दिसलं असतं. पण वही वाचायला कंटाळा येतो. त्यात मथळा नसतो.

पी. साईनाथ यांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना' हे पुस्तक (मूळ इंग्रजी १९९६ चं) याच दुखण्यावर बोट ठेवतं. गरिबीची बातमी होते ती घटना म्हणून. ती जी हळूहळू घडत असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. अनिल अवचटांनी 'माणसं'मध्ये हमालांचं, विडी कामगारांचं जे लिहिलं त्यात बातमी अशी नाहीच, रोजचा दिवस आहे. किंवा ती आयडा टार्बेल घ्या. अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइलवर तिनं १९०२ ते १९०४ अशी दोन वर्षं लेखमाला चालवली. कसल्या जोरावर? जुने खटले, चौकशी समित्यांचे अहवाल, रेल्वेच्या भाड्यांचे तक्ते. सगळे कागद उघड पडलेले होते, कुणी वाचत नव्हतं. १९११ मध्ये न्यायालयानं ती कंपनी मोडायला लावली.

आमच्या धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यावरची दफ्तरं सोडवून तीनशे वर्षांपूर्वीचे कागद वाचत. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यातच वारले आणि लगेच पुढच्या वर्षी मंडळ उभं राहिलं. खानदेशाला जुने कागद वाचायचं वेड आहे, याचा मला अभिमान आहे. मेलेल्या माणसाचा कागद आम्ही भिंग लावून वाचतो. जिवंत माणसाचा सातबारा वाचायला मात्र कुणी राजवाडे मिळत नाही.

विखरणनंतर काय झालं? फेरमूल्यांकनाचे आदेश निघाले, रक्कम कित्येक पटींनी वाढली. म्हणजे आधीच्या कागदात काहीतरी राहिलं होतं हे उघडच. आणि अजून एक झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये, लागोपाठच्या अशा घटनांनंतर, मंत्रालयाच्या आतल्या मोकळ्या चौकात जाळी बांधली गेली. वरून कुणी उडी मारली तर जाळीत पडावा म्हणून.

सिंक्लेअरची गोळी पोटात लागली होती. इथे ती कुठे लागली याला मला शब्द सापडत नाही. म्हातारा माणूस सांगायला आला होता की वही चुकली आहे. आपण सर्कशीसारखी जाळी लावली.

मुकुंदरावांचं काम एका अर्थी सोपं होतं असं कधीकधी वाटतं. त्या वेळी दफ्तर एका जातीच्या हातात होतं, त्यामुळे जातीवर ओढलेला आसूड दफ्तरावर बसायचा. आता दफ्तरावर सगळेच आहेत. भावकीतला आहे, साडूचा मेहुणा आहे, आपल्याच शाळेत शिकलेला हुशार पोरगा आहे. कुणाचं 'लीलामृत' लिहायचं? लिहिलं तर आखाजीला पुरणपोळीच्या ताटावर तोच समोर बसलेला असतो. मी ही गोष्ट इतकी वर्षं लिहिली नाही याचं खरं कारण हेच आहे, आणि आताही कचेरीचं नाव गाळलंच की.

माहितीचा अधिकार २००५ साली देशभर आला, त्याआधी महाराष्ट्रात होताच. त्यानं बरंच काही बदललं, कागद मागता तरी येतो. २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर नोंदवायची सोय झाली. मागच्या पावसाळ्यात घरी होतो तेव्हा चुलत भावाबरोबर शेतात गेलो होतो. बांधावर रेंज नव्हती. भाऊ फोन वर धरून लिंबाखाली गेला, मग विहिरीच्या कठड्यावर चढला, तिथे दोन काड्या दिसल्या. कापसाचा फोटो काढला, गट नंबर भरला, पाठवला. मी म्हटलं, नंबर परत एकदा बघ. त्यानं माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं, पण बघितला. बरोबर होता. मग मी त्याला बांधावरचे तीन आंबेही नोंदवायला लावले. तो म्हणाला, "दादा, लोणच्याचे आंबे शेतस, कशाले?" मी म्हटलं, असू दे.

शेवटची एक विनंती, फक्त घरच्यांसाठी. आबांची पत्र्याची पेटी होती, निळी, कडी तुटलेली. त्यात सोसायटीच्या पावत्या, जुने उतारे आणि ते पत्र छापून आलेला साप्ताहिकाचा अंक होता, हे मला पक्कं आठवतंय. वाटणीच्या वेळी ती कुणाकडे गेली ते कुणालाच सांगता येत नाहीये. मोठ्या काकांच्या माळ्यावर एकदा बघाल का? उंदरांनी खाल्लं नसेल तर सगळं एकदा नीट वाचून काढायचं आहे.